पाणी संशोधन केंद्रांचं आंतरराष्ट्रीय जाळं कसं चालवावं : समन्वयकासाठी पायरीवार मार्गदर्शक

बीजिंगमधलं केंद्र जमिनीची धूप आणि नद्यांतला गाळ अभ्यासतं. क्वालालंपूरच्या केंद्राकडे उष्ण-दमट प्रदेशांचं जलविज्ञान आहे, तेहरानकडे शहरांचं पाणी, इराणमधल्याच याझ्दकडे कनात (जमिनीखालून पाणी आणणारे जुने बोगदे) आणि जुनी जलबांधकामं, जपानमधल्या त्सुकुबाकडे पूर, चिलीतल्या ला सेरेनाकडे शुष्क प्रदेश. ही सगळी युनेस्कोच्या जलकुटुंबातली केंद्रं. नाव युनेस्कोचं, पण इमारत, पगार आणि वीजबिल त्या त्या देशाच्या सरकारचं. त्यांचं एकमेकांशी काम होत राहावं म्हणून कोणीतरी मध्ये बसून धागे जुळवावे लागतात. तो समन्वयक.

हे काम बहुधा एखाद्या चांगल्या अभियंत्याकडे किंवा प्राध्यापकाकडे येतं आणि ते कसं करायचं हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवलेलं नसतं. समन्वयक कुणाचा साहेब नसतो. तेहरानच्या संचालकांना तो आदेश देऊ शकत नाही, बीजिंगचं अंदाजपत्रक वाढवू शकत नाही. धुळे-नाशिककडच्या पाणीवाटपाच्या जुन्या फड पद्धतीतला पाटकरी ना पाण्याचा मालक असतो, ना जमिनीचा. तरी पाणी कुणाच्या शेतात कधी जाईल हे तो सांभाळतो, कारण पाळी सगळ्यांनी मिळून ठरवलेली असते. समन्वयकाची जागा तीच. म्हणून त्याने करारांवर कमी आणि सामाईक कामावर जास्त विसंबावं. दोन केंद्रांतली दोन माणसं एका कामाला बसली की जाळं विणलं जायला लागतं. त्याआधी जे असतं ती फक्त यादी.

पायरी १ : कायद्याने कोण कोणाचं आहे ते समजून घ्या

यासाठी थोडा इतिहास लागतो. १९६५ ते १९७४ हे आंतरराष्ट्रीय जलविज्ञान दशक म्हणून पाळलं गेलं. ते संपल्यावर १९७५ मध्ये युनेस्कोने आयएचपी हा जलविज्ञान कार्यक्रम सुरू केला. तो टप्प्याटप्प्याने चालतो आणि सध्या त्याचा नववा टप्पा सुरू आहे, २०२२ ते २०२९. त्याची दिशा ३६ देशांची आंतरशासकीय परिषद ठरवते आणि देशोदेशी त्याच्या राष्ट्रीय समित्या आहेत. बीजिंगचं गाळ-केंद्र १९८४ चं, म्हणजे या कुटुंबातल्या सर्वांत जुन्यांपैकी.

यातली बहुतेक केंद्रं 'दुसऱ्या श्रेणीची' आहेत. पहिल्या श्रेणीची संस्था हा युनेस्कोचा कायदेशीर भाग असतो, दुसऱ्या श्रेणीची नसते. यजमान सरकार आणि युनेस्को यांच्यात ठरावीक मुदतीचा करार होतो. मुदत संपत आली की मूल्यमापन होतं आणि मग करार वाढतो किंवा संपतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संस्थेचा प्रवास यासाठी पाहण्यासारखा आहे. १९५७ साली ती सुरू झाली, २००३ मध्ये पहिल्या श्रेणीत गेली आणि २०१७ पासून आयएचई डेल्फ्ट या नावाने दुसऱ्या श्रेणीत आली. शहर तेच, शिकवण्याचं कामही तेच, पण कागदावरचं नातं दोनदा बदललं. असं झालं की सही कोणाची चालते, पैसा कोणत्या खात्यातून जातो, बोधचिन्ह कुठे छापायचं, हे सगळं पुन्हा तपासावं लागतं.

म्हणून पहिल्या महिन्यात प्रत्येक केंद्राचं एक पान तयार करा. त्यावर करार कधी संपतो, केंद्र कोणत्या मंत्रालयाखाली आहे, परदेशी संस्थेशी करार करायचा तर सही कोण करतो, नियामक मंडळात कोण आहे आणि मंडळ वर्षातून कधी भरतं, हे लिहा. त्याच पानावर आर्थिक वर्षही लिहा. भारत आणि जपानचं एप्रिलमध्ये सुरू होतं, चीन आणि जर्मनीचं जानेवारीत, इजिप्त आणि केनियाचं जुलैमध्ये, अमेरिकी संघराज्य सरकारचं ऑक्टोबरमध्ये, इराणचं मार्चमधल्या नवरोजला. भारतातल्या संस्थेकडे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खर्चाची मंजुरी मागितली तर ती मिळत नाही, हे आपल्याला माहीत असतं. तसा आठवडा प्रत्येक देशात असतो आणि तो समन्वयकाला आधीपासून ठाऊक असायला हवा.

पायरी २ : कुणाला खरोखर काय येतं, ते विचारून घ्या

केंद्राच्या माहितीपत्रकावर सगळंच असतं: हवामानबदल, भूजल, पूर, धोरण, महिला सक्षमीकरण, उपग्रह प्रतिमा. त्यावरून काही ठरवू नका. संचालकांशी एकदा आणि मग प्रत्यक्ष काम करणाऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाशी वेगळं, असं बोला. गेल्या तीन वर्षांत तुम्ही स्वतः कोणतं प्रशिक्षण दिलं? शिकवणारे तुमच्या पगारावरचे होते की बाहेरून बोलावलेले? प्रयोगशाळेतलं कोणतं उपकरण आज चालू आहे? तुमच्या नियमित मोजण्या कोणत्या आणि त्या किती वर्षं सलग आहेत?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. तीस वर्षं न चुकता मोजलेला एक लहान ओढा असलेलं केंद्र मला पाच मजली इमारतीच्या केंद्रापेक्षा मोठं वाटतं. अशी सलग मालिका मागे जाऊन कुणालाही तयार करता येत नाही.

या बोलण्यातून दोन रकाने भरा: हे केंद्र दुसऱ्यांना काय देऊ शकतं आणि त्याला दुसऱ्यांकडून काय हवं आहे. दुसरा रकाना भरून घेणं अवघड जातं, कारण सरकारी संस्थेला उणीव कबूल करायला संकोच वाटतो. तो भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्याला काहीच नको आहे ते केंद्र दोन बैठकांनंतर येईनासं होतं.

पायरी ३ : एक लहान, सामाईक काम निवडा

इथे समन्वयकाची परीक्षा आहे. सगळ्यांना सामावून घेण्याच्या नादात 'शाश्वत जलव्यवस्थापनासाठी सहकार्य' असं काहीतरी ठरतं आणि त्यावर सगळे सह्या करतात. त्यातून काही निघत नाही, कारण सोमवारी सकाळी कार्यालयात येऊन नेमकं काय करायचं हे कुणालाच कळलेलं नसतं.

काम असं हवं की ते दीड वर्षात संपेल, तीन ते पाच केंद्रांना त्यात हात घालता येईल आणि शेवटी हातात धरता येईल अशी वस्तू निघेल: पडताळलेला विदासंच (डेटासेट), शिकवण्याची पुस्तिका किंवा एखाद्या खोऱ्याचा नकाशा. सगळी केंद्रं पहिल्याच कामात नकोत. उरलेल्यांना कामाची टिपणं पाठवत राहा. त्यांना उपयोग दिसला की ती स्वतःहून विचारतात.

कामाची वाटणी कशी असावी याचा एक उत्तम नमुना पाण्याच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणाऱ्या जेम्स-वॉटर या कार्यक्रमात आहे. हा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा, १९७८ पासूनचा. त्याचा समन्वय नैरोबीतून होतो. देशोदेशीचे नद्या-तलावांच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे जर्मनीत कोब्लेन्झला साठवले जातात. नमुने कसे घ्यायचे, मोजणीची ठिकाणं कशी आखायची, याचं प्रशिक्षण आयर्लंडमधल्या कॉर्कच्या विद्यापीठातून होतं. तीन शहरं, तीन वेगळी कामं, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायची गरज नाही. कॉर्कला प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ नमुना नीट घेतो म्हणून कोब्लेन्झचे आकडे सुधारतात. कोब्लेन्झमध्ये कोणत्या देशाचे आकडे वारंवार चुकतात हे दिसलं की पुढचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं ते कळतं. आपल्या जाळ्यात असं एकातून दुसऱ्यात जाणारं काम शोधा.

दुसरं उदाहरण १९८५ पासूनच्या फ्रेंड-वॉटर या प्रकल्पाचं. निरनिराळ्या देशांतल्या नद्यांच्या प्रवाहाच्या नोंदी एकत्र करून दुष्काळ आणि पूर यांचं वर्तन समजून घ्यायचं, एवढं एकच काम घेऊन तो प्रदेशवार गटांनी पुढे गेला. विषय अरुंद होता, म्हणून तो टिकला असं माझं मत आहे.

पायरी ४ : दोन पानांचा कामाचा कागद

सामंजस्य करार ज्याला करायचा असेल त्याला करू द्या. परवानग्या मिळवायला तो उपयोगी पडतो आणि वरिष्ठांना समाधान देतो. प्रत्यक्ष काम मात्र दोन पानांच्या साध्या कागदावर चालतं. त्यात प्रत्येक कामापुढे संस्थेचं नव्हे, माणसाचं नाव लिहा आणि त्याच ओळीत त्याच्या बदलीच्या माणसाचंही. सरकारी केंद्रांत बदल्या होतात. एका बदलीने सहा महिन्यांचं काम थांबू शकतं. तारीख, निघणारी वस्तू, खर्च कोण करणार, आणि शोधनिबंधावर लेखकांची नावं कोणत्या क्रमाने येणार हेही लिहून ठेवा. श्रेयाची बोलणी काम सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटांत होतात. काम झाल्यावर तीच बोलणी मैत्री तोडतात.

पायरी ५ : समन्वयाचा पैसा वेगळा मागा

यजमान सरकार केंद्राला पैसा देतं तो त्या केंद्राच्या कामासाठी. दोन केंद्रांच्या मधल्या कामाला, म्हणजे भाषांतर, प्रवास, सामाईक संकेतस्थळ आणि समन्वयकाचा स्वतःचा पगार यांना, सहसा कुणाच्याच अंदाजपत्रकात ओळ नसते. युनेस्कोवरही दुसऱ्या श्रेणीच्या केंद्रांना पैसा देण्याचं बंधन नाही. म्हणून प्रत्येक संयुक्त प्रस्तावात समन्वयाचा खर्च स्वतंत्र ओळीत, नाव घेऊन मागा. तो इतर खर्चात लपवला की लेखापरीक्षणात कापला जातो.

बरेच खर्च वस्तुरूपाने भागवता येतात. क्वालालंपूरला प्रशिक्षण असेल तर सभागृह, राहण्याची सोय आणि क्षेत्रभेटीची गाडी यजमानाने द्यायची, विमानभाडं पाठवणाऱ्याने. हे हिशेबात रुपयांत किंवा डॉलरांत दाखवा, नाहीतर कुणी काय दिलं ते पुढच्या वर्षी कुणालाच आठवत नाही.

एक अडचण आधीच धरून चाला: आर्थिक निर्बंधांमुळे इराणसारख्या देशातल्या केंद्राकडे बँकेतून पैसे पाठवणं किंवा तिथून घेणं जवळपास अशक्य होऊ शकतं. अशा केंद्राचा वाटा पहिल्यापासून पैशाऐवजी कामात ठेवा. याझ्दच्या लोकांना कनातांबद्दल जे कळतं ते पैशाने विकत घेता येणारं नाही.

पायरी ६ : आकडे एकमेकांशी बोलतील असं करा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. जाळ्याचा खरा माल म्हणजे नोंदी, आणि देश बदलला की नोंदीची भाषाच बदलते.

२६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर. पाऊस पडला २६ तारखेला, पण भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागच्या २४ तासांचा पाऊस संपण्याच्या तारखेवर लिहिला जातो. म्हणून दैनिक नोंदीत तो आकडा २७ जुलैसमोर दिसतो. आता समजा, दुसऱ्या देशातल्या केंद्राने पुराचं प्रतिमान (मॉडेल) बनवताना हे आकडे घेतले, आणि त्यांच्याकडे दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री धरतात. त्यांच्या प्रतिमानात मुंबईत आधी पूर येतो आणि मग पाऊस पडतो. कुणीच चूक केलेली नसते. फक्त दिवस कुठे संपतो हे कुणी विचारलेलं नसतं.

असे प्रश्न डझनभर निघतात. जलवर्ष, म्हणजे पाण्याच्या नोंदींचं वर्ष, कधी सुरू होतं? केंद्रीय जल आयोगाचं १ जूनला, जर्मनीचं १ नोव्हेंबरला, अमेरिकेचं १ ऑक्टोबरला, आणि अमेरिकेत त्या वर्षाला ते ज्या सालात संपतं त्याचं नाव देतात. इराणी, इथिओपियन आणि नेपाळी दिनदर्शिका वेगळ्या आहेत. इथिओपियाच्या वर्षात तेरा महिने असतात. जुन्या नोंदवह्यांतली तारीख तिथल्या दिनदर्शिकेची असेल तर ती बदलताना मूळ तारीख पुसू नका, शेजारच्या रकान्यात राहू द्या. एककं तर घरचीच गंमत: धरणाचा विसर्ग आपण क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) सांगतो, शास्त्रज्ञ क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) लिहितात, आणि एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). रिकाम्या रकान्यात कुणी शून्य लिहितं, कुणी वजा ९९९. शून्य पाऊस आणि न मोजलेला पाऊस यांत दुष्काळ आणि अज्ञान एवढं अंतर आहे.

भूजलाचं तर आणखी बारीक आहे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. टेप विहिरीत सोडताना ती कठड्याच्या वरून मोजली की जमिनीपासून? कठडा तीन फूट उंच असेल आणि मधल्या काळात ग्रामपंचायतीने तो बांधून आणखी वर नेला असेल, तर नोंदीत पाणी अचानक खाली गेल्यासारखं दिसतं. पाणी आहे तिथेच असतं. म्हणून प्रत्येक विहिरीसोबत मोजबिंदूची उंची आणि तो बदलल्याची तारीख हवी. ही माहिती मुख्यालयात नसते. ती टेप घेऊन जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात असते. त्याला विचारा आणि लिहून घ्या.

व्यवहारात हे असं करा. पहिल्या कामाच्या पहिल्या तीन महिन्यांत आकडे मागूच नका, आकड्यांबद्दलची माहिती मागा. एक साधा तक्ता बनवा: मोजणीचं ठिकाण, एकक, दिवसाची सीमा, वर्षाची सीमा, मोजबिंदू, उपकरण, ते कधी बदललं, न मोजलेल्याची खूण. प्रत्येक केंद्राने तो भरायचा. मग प्रत्येकाकडून मोजणीच्या फक्त एका ठिकाणाच्या एका वर्षाच्या नोंदी घ्या आणि सगळ्यांसमोर एकत्र मांडून पाहा. चुका तिथेच दिसतात आणि सुधारणं स्वस्त पडतं. आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. १९९५ पासूनच्या हायड्रॉलॉजी प्रोजेक्टमध्ये महाराष्ट्रासह मुख्यतः द्वीपकल्पातल्या राज्यांनी पाण्याच्या नोंदी एकाच पद्धतीने भरायला सुरुवात केली. त्यात काम केलेले अभियंते आजही भेटतात आणि एकसारख्या नमुन्याची किंमत काय हे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगणार नाही.

आता आकडे देण्याची परवानगी. हा तांत्रिक प्रश्न नाही, सार्वभौमत्वाचा आहे, आणि तिथे घाई करणारा समन्वयक विश्वास गमावतो. भारताचंच पाहा. कृष्णा-गोदावरीसारख्या द्वीपकल्पातल्या नद्यांच्या नोंदी तुलनेने मोकळेपणाने मिळतात, पण सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांच्या नोंदी संवेदनशील मानल्या जातात आणि त्यांना वेगळी परवानगी लागते. जागतिक हवामान संघटनेने १९९९ च्या ठरावात जलविज्ञानाच्या माहितीची देवाणघेवाण मोकळी असावी असं तत्त्व मांडलं आणि २०२१ मध्ये एकत्रित धोरण आणलं. ते ठराव संभाषण सुरू करायला उपयोगी पडतात, पण एखाद्या देशाच्या गृहखात्याला ते बांधत नाहीत.

यावरची मधली वाट कोब्लेन्झच्या जागतिक प्रवाह विदा केंद्राने दाखवली आहे. १९८८ पासून तिथे जगभरच्या मोजणीच्या दहा हजारांहून जास्त ठिकाणांच्या नदीप्रवाहाच्या नोंदी जमा झाल्या. मालकी मूळ देशाची राहते. वापरणाऱ्याला अटी मान्य कराव्या लागतात आणि नोंदी पुढे वाटता येत नाहीत. तुमच्या जाळ्यातही तीन पातळ्या ठेवा: सगळ्यांना खुलं, फक्त सदस्य केंद्रांना, आणि फक्त निष्कर्ष. तिसऱ्या पातळीला कमी लेखू नका. कच्चे आकडे न देता केंद्र स्वतःच्या संगणकावर ठरलेली गणना करून उत्तर पाठवू शकतं, आणि पुष्कळ संशोधनाला तेवढं पुरतं.

पायरी ७ : प्रशिक्षण असं आखा की शिकलेला माणूस परत जाऊन ते वापरील

पाच दिवसांची कार्यशाळा, समूहछायाचित्र, प्रमाणपत्र. अशी प्रशिक्षणं पुष्कळ होतात आणि त्यांतून पुढे फारसं काही उगवत नाही. कारण पाठवणारी संस्था ज्याची पाळी आहे त्याला पाठवते, गरज आहे त्याला नाही.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या वॉटरनेटने वेगळी वाट धरली. २००० मध्ये सुरू झालेल्या या जाळ्यात त्या भागातली अनेक विद्यापीठं आहेत. एकात्मिक जलव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा पाया विद्यार्थी झिम्बाब्वे किंवा दार-एस-सलामच्या विद्यापीठात पक्का करतात आणि विशेष विषयासाठी प्रदेशातल्या दुसऱ्या विद्यापीठात जातात. एका विद्यापीठाला सगळे विषय शिकवायला माणसं मिळाली नसती. मिळून ती मिळाली. त्यातून दुसऱ्या देशातल्या वर्गमित्राला फोन करू शकणारे अभियंते तयार होतात, आणि सामाईक नद्यांच्या त्या प्रदेशात या ओळखी फार मोलाच्या आहेत.

त्सुकुबाचं इखार्म हे पुरांचं केंद्र टोक्योतल्या धोरण-अभ्यास विद्यापीठासोबत एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २००७ पासून चालवतं. येणारे नोकरीत असलेले अधिकारी असतात आणि आपल्या देशातल्या पुराचा प्रश्न घेऊन ते प्रबंध लिहितात. परत गेल्यावर टेबलावर तोच प्रश्न असतो.

यातून घ्यायचं ते असं: उमेदवाराकडून अर्जातच त्याच्या कार्यालयातला एक खरा प्रश्न आणि त्याच्या नोंदी मागा. वरिष्ठाचं पत्र घ्या, ज्यात परतल्यावर किमान वर्षभर तेच काम देऊ असं लिहिलेलं असेल. प्रशिक्षण संपल्यावर तीन आणि नऊ महिन्यांनी फोन करा. ईमेलला उत्तर येत नाही, फोनवर माणूस खरं सांगतो. आणि भाषेवर खर्च करा. ला सेरेनाचं साहित्य स्पॅनिशमध्ये आहे, कैरोचं अरबीत. गावपातळीवरच्या तंत्रज्ञाला इंग्रजीतली पुस्तिका दिली तर ती कपाटात जाते, हे महाराष्ट्रात जितकं खरं आहे तितकंच पेरू किंवा सुदानमध्ये.

पायरी ८ : महिन्याची बैठक

जागतिक वेळेनुसार (यूटीसी) दुपारचे १२ धरा. युरोपच्या उन्हाळ्यात कोब्लेन्झला दुपारचे २, नैरोबीत ३, तेहरानमध्ये साडेतीन, पुण्यात साडेपाच, क्वालालंपूरला रात्रीचे ८, त्सुकुबात ९, आणि पनामात सकाळचे ७. सगळ्यांना सोयीची वेळ नाहीच. गैरसोयही पाळीने वाटा: एक महिना पूर्वेची रात्र, पुढचा महिना पश्चिमेची पहाट. युरोपात घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं, म्हणून निमंत्रणात जागतिक वेळ लिहा. शुक्रवार टाळा, कारण इराण आणि इजिप्तमध्ये ती सुट्टी आहे. रविवार उरलेल्यांचा. सोमवार ते बुधवार उत्तम. रमजान, चिनी नववर्ष, नवरोज, आपली दिवाळी आणि ऑगस्टमधली युरोपची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर मांडा.

बैठक पाऊण तासाची. कुणाचं काम कुठे अडलंय, एवढंच. सादरीकरणं आधी पाठवा. त्याच संध्याकाळी अर्ध्या पानाचं टिपण: कोण, काय, कधीपर्यंत. ज्यांची इंग्रजी अडखळते ते बैठकीत बोलत नाहीत पण टिपणाला उत्तर देतात, म्हणून ते टिपण साध्या वाक्यांत लिहा.

पायरी ९ : राजकारणाचा धक्का धरूनच रचना करा

अमेरिका १९८४ च्या अखेरीस युनेस्कोतून बाहेर पडली, २००३ मध्ये परतली, २०११ पासून वर्गणी थांबवली, २०१८ च्या अखेरीस पुन्हा बाहेर, २०२३ मध्ये पुन्हा आत, आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली. तिथे अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाशी जोडलेलं जलकेंद्र २००९ पासून या कुटुंबात आहे. सरकारांचं नातं असं हेलकावत असताना शास्त्रज्ञांचं काम चालू राहायचं असेल तर काही गोष्टी आधीपासून हव्यात. सामाईक नोंदी आणि पुस्तिकांची प्रत किमान तीन खंडांत असावी. कोणतंही महत्त्वाचं काम एकाच देशाच्या पैशावर उभं नसावं. प्रत्येक कामात एक विद्यापीठ असावं, कारण मंत्रालयांचे दरवाजे बंद झाले तरी विद्यापीठांचे बहुधा किलकिले राहतात. दोन देशांत तणाव असेल तर त्यांच्या केंद्रांना एकमेकांशी थेट करार करायला लावू नका. दोघांनाही तिसऱ्या केंद्राच्या कामात बोलवा.

पायरी १० : महाराष्ट्रातल्या संस्थेला यात यायचं असेल तर

पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथेच राष्ट्रीय जल अकादमी आहे. नाशिकला मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था), छत्रपती संभाजीनगरला वाल्मी (जल आणि भूमी व्यवस्थापन संस्था). एवढ्या संस्था एका राज्यात असणं ही मोठी गोष्ट आहे. दरवाजा राष्ट्रीय समितीकडून उघडतो, आणि भारतात जलविज्ञानाच्या अशा कामाचा पत्ता रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था. तिथे प्रस्ताव पाठवताना संस्थेचा गौरवशाली इतिहास एका परिच्छेदात आटपा आणि देण्यासारखी एक गोष्ट ठळक मांडा. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातल्या भूजलाचा अनुभव ही तशी गोष्ट आहे. असे कठीण खडक आफ्रिकेतही आहेत, आणि नैरोबीच्या भूजल केंद्राला त्या अनुभवाचा उपयोग होईल.

पायरी ११ : हस्तांतर

समन्वयक बदलतोच. जाण्याच्या सहा महिने आधी पुढच्या माणसाला बैठकांत बसवा आणि शेवटच्या दोन बैठका त्याला चालवू द्या. त्याच्या हाती द्यायचं: केंद्रांची ती एकेक पानं, कामाचे कागद, नोंदींबद्दलचा तक्ता, सगळ्या टिपणांची फाइल, संकेतस्थळाचे आणि साठ्याचे परवलीचे शब्द, आणि कोणत्या केंद्रात कुणाला फोन केला की काम होतं याची हाताने लिहिलेली यादी. ही यादी कार्यालयाच्या संगणकावर ठेवू नका. समोर बसवून, एकेका नावावर बोलून द्या आणि त्यातल्या प्रत्येकाला नव्या समन्वयकाचं नाव तुम्ही स्वतः फोन करून सांगा.